नऊ गोष्टींतली पाचवी

एप्रिल लागला की माझ्या टेबलावर काळ्या रेक्झिनचे प्रबंध येऊन पडायला लागतात. वर सोनेरी अक्षरं, आत देवापासून टंकलेखकापर्यंत सगळ्यांचे आभार मानणारा लांबलचक ऋणनिर्देश, आणि पानांना ताज्या खळीचा वास. प्रबंध आणणारा समोर उभा असतो, कधी या पायावर तर कधी त्या. मी मधलंच एखादं पान उघडते आणि विचारते, हे जे पुस्तक म्हणतोस ते तू स्वतः वाचलंस का? बहुतेकांचा चेहरा उतरतो. मॅडम फार कडक, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलोत. विचारताना मला माझाच एक एप्रिल आठवत असतो, आणि त्या एप्रिलमध्ये मी जे केलं ते न वाचण्याहून वाईट होतं. मी वाचलं होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पनवेलच्या कॉलेजात मी मराठी शिकवत होते, तेही हंगामी. तळ्यामागच्या एका चाळवजा इमारतीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. वर पत्रे, त्यामुळे अकरा वाजता खोलीचा तवा व्हायचा. ओहोटी असली की खाडीकडून चिखलाचा खारट वास यायचा, आणि नवीन पनवेलच्या बाजूने दिवसभर सिमेंटची धूळ. एसटी स्टँडवर उरण-पेणच्या गाड्यांची हाळी चाले. उन्हाळा म्हणजे परीक्षा, उत्तरपत्रिका आणि लोणची. त्या वर्षी त्यात माझी एम.फिल. होती. संस्थेने स्वच्छ सांगितलं होतं की जूनपर्यंत पदवी हातात नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल. गावाकडे आई होती, धाकटा भाऊ शिकत होता. जागा जाऊन चालणार नव्हतं.

माझा विषय होता 'आगरांतील नऊ गोष्टी' हा एकोणिसाव्या शतकातला एक विस्मृत कथासंग्रह आणि त्याचं समीक्षेने केलेलं स्वागत. स्वागत कसलं, धिंडवडेच. लेखकाने स्वतःचं नाव घातलं नव्हतं, 'एक खारवासी' एवढंच. मीठ खात्यातला कोणी कारकून असावा, कारण पनवेल-उरणच्या मिठागरांची त्याला बारीक माहिती होती. मुंबईच्या एका ग्रंथालयात एकच प्रत उरली होती. पान उलटलं की कोपरा हातात यायचा, त्यामुळे झेरॉक्सची परवानगी नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत रोज जाऊन मी ती नऊच्या नऊ गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. हात दुखायचा, पण मजा यायची. त्या काळची पुस्तकं बोध केल्याशिवाय वाचकाला सोडत नसत. हा मनुष्य मात्र गोष्ट सांगायचा आणि उठून जायचा.

हेच समीक्षकांना खुपलं. पुण्यामुंबईच्या तेव्हाच्या मासिकांतून चार-पाच परीक्षणं आली होती. कोणाला भाषा गावंढळ वाटली, कोणाला तात्पर्य सापडलं नाही. पण सगळ्यांचा खरा राग पाचव्या गोष्टीवर होता. ती गोष्ट जेमतेम सहा पानांची. वैशाखातला दिवस आहे. मीठ काढून बांधावर राशी घातल्यात, अजून पेंढ्याने शाकारायच्या आहेत. एका बाईचं तापाने फणफणलेलं तान्हं मूल बांधावरच्या झोपडीत झोळीत आहे. दुपारी ती बघायला जाते तर मूल गेलेलं. त्याच वेळी दक्षिणेकडून आभाळ चढू लागतं. बाई मुलावर पदर घालते, बाहेर येते आणि पेंढ्याचे भारे वाहू लागते. शेवटची रास झाकल्यावर ती झोपडीत जाते आणि मग तिचा आवाज फुटतो. इथे गोष्ट संपते.

अशी आई जगात नसते, असा परीक्षणांचा एकमुखी निर्वाळा होता. लेखकाने स्त्रीजातीचा अपमान केला, मातृत्वाला काळिमा फासला, हे सगळं अस्वाभाविक आहे. पुढे शंभर वर्षं ज्याने ज्याने वाङ्मयाचा इतिहास लिहिला त्याने हा शेरा उचलून आपल्या ग्रंथात ठेवला. त्यातल्या एका इतिहासकाराने ते मूल विहिरीत बुडून मेलं असं लिहून टाकलं. गोष्टीत विहीर नाहीच. पण त्याच्यानंतरच्या प्रत्येकाच्या ग्रंथात मूल विहिरीतच बुडतं. म्हणजे मूळ पुस्तक कोणी उघडलंच नव्हतं, एकमेकांचं बघून लिहिलं होतं, आमचे विद्यार्थी परीक्षेत लिहितात तसं. मला हे सापडलं तेव्हा मी एकटीच खोलीत हसले. चोर पकडल्याचा आनंद होता तो. मात्र गोष्टीतली आई मलाही पटलेली नव्हती. लग्न नाही, मूल नाही, तरी मी छातीठोकपणे समासात लिहून ठेवलं होतं, 'अतिरंजित'.

हिराबाई त्या दिवसांत दारावर मीठ घेऊन यायची. करंजाड्याची आगरी बाई, साठीच्या पुढची, काष्टा घातलेली, टाचा भेगाळून पांढऱ्या झालेल्या. लोणच्यासाठी खडे मीठच हवं असा त्या काळी बायकांचा हट्ट असे, त्यामुळे एप्रिल-मे तिचे. तिची स्वतःची मिठागरं केव्हाच गेली होती, नव्या शहरासाठी जमीन घेतली त्यात. आता ती उरणकडून मीठ आणून टोपलीने विकायची. मी एकटी, मला कसलं लोणचं? पण ती पाणी प्यायला थांबायची. आज करंजाड्यात मजल्यांवर मजले चढलेत आणि बाल्कन्यांत कुंड्या आहेत. तिथे कोणाला मिठागर म्हटलं तर कदाचित हॉटेलचं नाव वाटेल.

वहीतली नक्कल बरोबर आहे का हे बघायला मी मोठ्याने वाचत असे. डोळा चूक गिळतो, कान गिळत नाही. त्या सकाळी पाचवी गोष्ट चालली होती. हिराबाई उंबऱ्यावर टेकून पाणी पीत होती. संपल्यावर मी वर बघितलं तर तिने तांब्या खाली ठेवला नव्हता.

"पुना वाच बाय," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचली. तिने विचारलं, ही बाई कुठल्या गावची? मी म्हटलं, मावशी, ही गोष्ट आहे, कोणीतरी रचलेली, तीही शंभर वर्षांपूर्वी. तिला ते काही रुचलं नाही. रचली कशी, म्हणाली, त्याला दिसल्याबिगर कशी रचील? मग माझ्यातली प्राध्यापिका जागी झाली. मी तिला परीक्षणांतली हकिगत सांगितली. मोठमोठ्या विद्वानांनी म्हटलंय की अशी आई असूच शकत नाही. सांगताना मी थोडी हसलेसुद्धा.

हिराबाईने तांब्या खाली ठेवला. नंतर जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, बाजारभाव सांगावा तसं. तिचं चौथं मूल, सात महिन्यांची मुलगी. देवी नाही, काही नाही, नुसता ताप. नवरा होडीवर गेलेला. बांधावर ती आणि तिची जाऊ. वर्षाचं मीठ उघड्यावर पडलेलं आणि पश्चिमेकडून काळं आलेलं.

"पोर गेली ता मना कललाच व्हता," ती म्हणाली. "पन मी रडाया बसले असते त समद्या मिठाचा पानी झाला असता. घरान तीन पोरां व्हती. त्यांना काय घालायचा व्हता?"

तिने सगळ्या राशी झाकल्या. जावेने हे पाहिलं आणि गावात सांगितलं. पोर मेलेली झोळीत, आणि ही भारे वाहते. नवरा आला, त्यानेही ऐकलं. त्या दिवसापासून हिराबाईला काळीज नाही असं ठरलं. नवरा मरेपर्यंत भांडणात तेच काढायचा. हे एक वेळ सोसलं असतं. पण त्यांच्यात बाळाच्या पाचवीला थोरल्या बायका बसतात, सटवीची पूजा होते, म्हाताऱ्या हातांनी बाळाला मांडीवर घेतात. चाळीस वर्षांत हिराबाईला गावात कोणी पाचवीला बोलावलं नव्हतं. स्वतःच्या नातवंडांच्या वेळीही जाऊ बसली, ही परसात चुलीपाशी राहिली. सुनेने तसं सांगितलं नव्हतं. ती आपणहूनच उठली, कोणी उठ म्हणायच्या आधी.

माझ्या वहीत समासात 'अतिरंजित' लिहिलेलं होतं. मी त्यावर हात ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ठेवला.

जाताना तिने टोपली डोक्यावर घेतली आणि परत खाली ठेवली. मी बुक लिहिते हे तिला ठाऊक होतं. तिचं मागणं एवढंच होतं की त्या बुकात लिहावं.

"लिव, ती आयस खोटी नवती. तिला काळीज व्हता," ती म्हणाली. "शिकल्याली बाय लिवते तर जावंला मी दाखवीन."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. त्या आठवड्यात मी जेवणखाण विसरून पाचव्या गोष्टीवरचं प्रकरण नव्याने लिहिलं. विहीर कुठून आली ते दाखवलं. मिठागरातल्या कामाचा क्रम सांगितला, हिराबाईचं सांगणं तिच्या शब्दांत दिलं, आणि शेवटी लिहिलं की ही आई अस्वाभाविक ठरवणाऱ्यांना मीठ ताटात डावीकडे वाढतात यापलीकडे मिठाची माहिती नव्हती. हे वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झाले होते. इतकं चांगलं मी त्याआधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

माझे मार्गदर्शक मुंबईत राहत. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, चहा स्वतः करून द्यायचे. त्यांनी प्रकरण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की बहिःस्थ परीक्षक कोण आहेत हे मला ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हतं. परीक्षक होते ते विहीरवाले इतिहासकार. तेव्हा ते खूप मोठं नाव होतं, वयानेही आणि मानानेही.

मी म्हटलं, पण सर, विहीर नाहीये.

"नाहीये, मलाही दिसतंय," सर म्हणाले. "तुम्हाला विहीर बुजवायचीय की नोकरी टिकवायचीय?"

मग त्यांनी समजुतीने सांगितलं की दारावर येणाऱ्या मीठवालीचं बोलणं संशोधनात साधन म्हणून चालत नाही, त्याला संदर्भ नाही, तारीख नाही. प्रस्थापित मताशी सहमती दाखवावी, पुढे पीएच.डी.ला काय करायचं ते करावं. त्यांनी पेन्सिलीने चार पानांवर उभी रेघ मारली. हलकी, पुसता येईल अशी. पुसायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं, आणि यासाठी मी त्यांना कधी दोष देऊ शकले नाही. घरी येऊन मी ती चार पानं काढली. त्यांच्या जागी दोन वाक्यं घातली. पाचव्या कथेतील मातेचे वर्तन अस्वाभाविक असून या संदर्भात पूर्वसूरींचे मत ग्राह्य धरावे लागते. दुसरं वाक्य त्याहून मिळमिळीत होतं. टंकलेखकाकडे दिलं तेव्हा त्याच्या पंख्याखाली उभी राहूनही मला घाम सुटला होता.

तोंडी परीक्षेत ते परीक्षक नेमके पाचव्या गोष्टीवर आले. विहिरीचं प्रतीक किती खोल आहे यावर ते दहा मिनिटं बोलले. मातृत्वाचा आटलेला झरा वगैरे. मी समोर बसून 'हो सर' म्हणत होते. त्यांनी माझ्या तारतम्याची स्तुती केली. पदवी मिळाली. जून उजाडायच्या आत जागेचा कागद हातात पडला. आईने देवापुढे साखर ठेवली.

हिराबाई मे महिन्याच्या शेवटी आली. मला वाटलं होतं ती विसरली असेल. ती टोपली बाहेर ठेवून आत आली, प्रथमच उंबऱ्याच्या आत, आणि भिंतीला टेकून बसली. पदराला हात पुसले.

"वाच," म्हणाली.

मी प्रबंध काढला, ते पान उघडलं. डोळ्यांसमोर 'अस्वाभाविक' होतं. आणि मी तोंडाने वाचलं, की ही आई खरी आहे, अशा आया मिठागरांत होऊन गेल्या, तिला काळीज होतं म्हणूनच तिने मागे राहिलेल्या मुलांसाठी मीठ झाकलं. वाचायच्या सुरात वाचलं, स्वल्पविरामाला थांबत. हिराबाईने डोळे मिटून ऐकलं. झाल्यावर तिने नक्की कुठे लिहिलंय ते विचारलं. मी ओळ दाखवली. तिने तिच्यावर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं.

मग तिने ते पान मागितलं. प्रबंधाच्या चार प्रती केल्या होत्या, जास्तीची कार्बनची सुटी पानं घरात पडून होती, आणि ती तिला समोर दिसत होती. नाही म्हणायला कारण सुचेना. मी स्वतःला सांगितलं, तिच्या घरात कोण वाचणार आहे? मुलगा बांधकामावर, सून निरक्षर. एक नात शाळेत जाते असं तिने कधीतरी सांगितलं होतं, ते मला आठवलंसुद्धा, आणि मी ते आठवणं बाजूला सारलं. पान दिलं. तिने ते घडी न घालता, दोन्ही हातांनी धरून नेलं.

पुढच्या वर्षी ती आली. त्याच्या पुढच्याही. मीठ विकून झालं की आत यायची, टेकायची आणि म्हणायची, ता वाच. मी प्रबंध उघडून समोर धरायची आणि न लिहिलेलं वाचायची. दर वर्षी शब्द थोडे बदलायचे, कारण मला मागच्या वर्षीचे आठवत नसत. एकदा तर मी भलतीच रंगले आणि त्या आईच्या हातांवर मिठाने पडलेल्या जखमांबद्दलही दोन वाक्यं जोडली. तिच्या लक्षात येत नाही याचं मला बरं वाटायचं आणि त्याच वेळी लाजही वाटायची. जावेला दाखवलंस का, असं मी एकदा विचारलं. दाखवीन, म्हणाली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. एका एप्रिलमध्ये ती आली नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, हल्ली पाकिटातलं मीठ चांगलं मिळतं, कोण घेणार खडे मीठ? मीही तेच कारण धरून बसले. करंजाडं चालत जाण्याइतकं जवळ होतं. मी गेले नाही.

दरम्यान त्या नऊ गोष्टींची कोणीतरी नवी आवृत्ती काढली. प्रस्तावनेत पाचव्या गोष्टीबद्दल तोच शेरा, आणि खाली टिपेत संदर्भ माझ्या प्रबंधाचा. मूळ प्रत वाचून प्रबंध लिहिणाऱ्या एकमेव अभ्यासक म्हणून माझा उल्लेख होता. शंभर वर्षं लोक न वाचता म्हणत होते, आता एका वाचलेल्या बाईची साक्ष मिळाली. ते पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयासाठी मीच मागवलं होतं. मी ते कपाटात मागच्या रांगेत ठेवलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एफ.वाय.ला एक मुलगी आली. सुगंधा नाव. शांत, तिसऱ्या बाकावर बसणारी, अक्षर सुरेख. वर्गात ती आमच्यासारखंच बोलायची, पण घाईत असली की 'नाय' निसटायचं. मार्चच्या शेवटी, वर्ग सुटल्यावर, ती थांबली. मॅडम, मी हिराबाईची नात, म्हणाली. आजी गेली त्याला दोन वर्षं झाली. आजीची पेटी आवरताना सुगंधाला ते पान सापडलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, ते तिने मला परत द्यायला आणलं होतं.

मी पान घेतलं. बोट ठेवून ठेवून ती ओळ फिकट झाली होती, कार्बनच तो. आता सांगायला हवं, असं वाटलं आणि मी सुगंधाला म्हटलं की यात जे लिहिलंय ते मी तुझ्या आजीला वाचून दाखवलं नव्हतं. मी वेगळंच वाचलं होतं. तुझ्या आजीला मी फसवलं.

सुगंधाला राग आलेला नव्हता. ती म्हणाली, मॅडम, आजीला माहीत होतं. ज्या दिवशी तिने पान आणलं त्याच संध्याकाळी तिने ते मला वाचायला लावलं होतं. मी तेव्हा सातवीत होते. अस्वाभाविक म्हणजे काय ते मला येत नव्हतं, मी दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंच्या घरी जाऊन विचारून आले आणि तिला सांगितलं.

मनातल्या मनात मी सगळे एप्रिल मोजत होते. ती टेकून बसायची ते, डोळे मिटायची ते. मग मी विचारलं, असं असताना ती दर वर्षी का येत होती?

"मीपन तिला तेच इचारला व्हता," सुगंधा म्हणाली, आणि आपण कसं बोललो हे तिच्या लक्षात आलं नाही. "ती बोलली, कागदावर नाय ता मना ठाव हाय. बायला लिवाया भ्याव वाटला आसंल. पन माज्या तोंडावर ता बोलनारी तीच एक हाय."